मौनाची सुट्टी

नौशीननं काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बाजूला होत म्हणाली, "मॅडम, या काल मेल्या होत्या."

केतकी देवतळेनं डोळा लावला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी बशीच्या तळाशी ऐसपैस पसरल्या होत्या. एक-दोन तर दुभंगण्याच्या बेतात होत्या.

"बशांची अदलाबदल झाली असेल."

"नाही झाली. काल या आकसून गोल झाल्या होत्या, अंगावर बुडबुडे आले होते. बशा दुसऱ्या कामाला लागणार म्हणून मी औषध धुऊन टाकलं, आणि मग पेशी फेकायच्याच राहिल्या. आज पाहते तर अशा."

मरायला लागलेली पेशी माघारी फिरत नाही, असं केतकी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. शरीरातली प्रत्येक पेशी मरणाची तयारी पोटात घेऊनच जन्माला येते. तिच्या आत विकरांच्या कातऱ्या असतात, मिटलेल्या. शेजारच्या पेशी तिला सतत एक रासायनिक निरोप धाडत असतात: तू हवी आहेस, जग. तो निरोप थांबला की कातऱ्या उघडतात, पेशी स्वतःलाच आतून कातरते, आक्रसते, आणि तिचे तुकडे शेजारणी गिळून टाकतात. ना सूज, ना दुखणं. आपल्या अंगात रोज अशा असंख्य पेशी गुपचूप जातात, म्हणून तर आपण धड राहतो. कर्करोगाची पेशी मात्र लबाड. तिला शेजाऱ्यांच्या निरोपाची गरजच उरत नाही. 'जग, जग' असं ती स्वतःच स्वतःला बजावत राहते.

केतकीच्या गटानं शोधलेलं औषध नेमकी ही बडबड बंद पाडत होतं. त्याला लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण रुग्णांपासून रखवालदारापर्यंत सगळे त्याला 'मौन' म्हणत. ते गोळीतून द्यायचं नव्हतं. चिंचोक्याएवढा एक पंप गळ्याच्या हाडाखाली बसवला जाई. रक्तात मेलेल्या कर्कपेशींचे किती तुकडे वाहत आहेत ते तो मोजी, आणि त्या हिशेबानं औषध सोडी. देशभरात त्याच्या चाचण्या चालू होत्या. ज्यांच्या घरच्यांनी आशा सोडली होती अशी माणसं बाजारात भाजी घेताना दिसू लागली होती.

"दूषित झाली असेल बशी," केतकी म्हणाली. "टाकून दे."

"पुन्हा एकदा करून बघू का? मुद्दाम, नीट?"

"चाचणी संपू दे. मग बघू."

नौशीननं बशी उचलली. जाताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं.

असली गोष्ट नोंदवली की चौकशी, चौकशी म्हणजे खोळंबा, हे केतकीला पाठ होतं. शिवाय बशी म्हणजे काही शरीर नव्हे. उंदरांमध्ये असलं काही दिसलं नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं. उंदरांचं औषध कुणी मध्येच थांबवलंच नव्हतं, हे तिला जिन्यात आठवलं, आणि ती उरलेल्या पायऱ्या भरभर उतरली.

*

त्याच आठवड्यात कुंदाआत्या तपासणीला आली. केतकीच्या वडिलांची ही धाकटी बहीण. आर्वीच्या शाळेत तिनं जन्मभर खेळ शिकवले, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर मुलींचा खो-खोचा संघ बांधायला घेतला. केतकीच्या आईवडिलांची बदली गडचिरोलीत आत कुठे तरी झाली तेव्हा केतकी शाळेसाठी आत्याकडेच राहिली होती. आत्यानं तिलाही मैदानात उतरवून पाहिलं. "हिच्या पायांत शिसं आहे," असा निकाल दिला, "पण डोक्यात नाही. अभ्यास करू दे हिला."

गेल्या उन्हाळ्यात आत्याचं पोट दुखायला लागलं, आणि स्वादुपिंडात गाठ निघाली. चाचणीत तिचा नंबर रीतसर सोडतीनं लागला. गाठ निम्म्याहून लहान झाली. फक्त मौनानं अंगातलं त्राण पार शोषून घेतलं होतं. साठीतही पोरींबरोबर धावणारी बाई आता भिंत धरून मोरीपर्यंत जात होती.

"कशी आहेस?" केतकीनं विचारलं.

"गंजलेली बादली चाटल्यावानी तोंड झालं आहे. बाकी झकास." आत्या खुर्चीत टेकली. पंप कसा चालतो हे तिनं पूर्वीच खोदून खोदून विचारून घेतलं होतं. "म्हणजे पाठीमागून खो देणारं कोणी उरलं नाही, की ती पेशी बसल्या जागी संपते," असं स्वतःचं उत्तरही तिनं काढलं होतं. केतकीला ते इतकं आवडलं होतं की ती ते व्याख्यानात वापरायची.

"केतके, एक काम होतं तुझ्याकडे."

"बोल ना."

"इंदूरला राष्ट्रीय स्पर्धा आहे. माझ्या चार पोट्ट्या विदर्भाच्या संघात आहेत. प्रणोती तं कर्णधार आहे."

"अगं, थेट प्रक्षेपण असतं ना."

"खो-खो काय पडद्यावर पाहायचा खेळ आहे? कोणाचा दम उखडला, कोण घाबरली, हे कडेला बसल्याशिवाय कळत नाही." आत्या थोडी थांबली. "तुमच्या माहितीपत्रात आहे, की औषधाला आठवडाभर सुट्टी घेता येते. सुट्टी घेतली की ताकद येते म्हणतात. त्या अकोल्याच्या बाईनं घेतली होती ना, लेकीच्या लग्नाला?"

सुट्टीची परवानगी द्यायचा अधिकार केतकीचा होता. माणसं थकत होती, कंटाळत होती, म्हणून नियमातच तेवढी सवलत ठेवली होती. पाच-सहा जणांनी ती घेतलीही होती, आणि त्यांचे पुढचे अहवाल अजून यायचे होते.

केतकीच्या डोळ्यांसमोर ती बशी आली.

"धोका आहे काय?" आत्यानं विचारलं. "किती आहे, सांगून टाक."

"फारसा नाही," केतकी म्हणाली.

शब्द तोंडून गेले आणि आत्याचा चेहरा असा उजळला, की ते परत घ्यायचं बळ केतकीला झालं नाही. या बाईनं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दिवाळीची साडीसुद्धा "माझ्याकडे ढीग आहे" म्हणून परत पाठवणारी ती. केतकीला तिला काही तरी द्यायचं होतं. आणि ती बशी खरी मानली असती तर आत्याला नाही म्हणावं लागलं असतं, अकोल्याच्या बाईकडे धावावं लागलं असतं, सगळं काम थांबवावं लागलं असतं. ती खोटी मानली की सगळंच सोपं होत होतं. तिनं फोन काढला आणि पंप बंद केला.

*

इंदूरहून आत्याचा फोन आला तेव्हा पाठीमागे शिट्ट्यांचा आणि पोरींचा गलका चालू होता.

"हरलो!" आत्या ओरडून म्हणाली. "एका गुणानं! तो पंच आंधळा आहे, केतके, त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठव. पण काय खेळल्या गं पोट्ट्या! मी उभी होते, पाहिजे तं विचार कोणालाही. पूर्ण सामनाभर उभी होते."

आत्या परतली ती चालत आली. गालांवर रंग होता. दोन वाट्या वरण प्याली आणि केतकीच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या पुसून ठेवल्या. केतकीनं पंप पुन्हा चालू केला, आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटून त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना समोसे मागवले.

पंप रोज मोजणी पाठवत होता. पहिले काही दिवस रक्तात मेलेल्या पेशींचे तुकडे दिसेनात. औषध पुन्हा मुरायला वेळ लागतो, असं केतकी स्वतःला म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात पंपानं औषध दुप्पट केलं, मग तिप्पट. तुकडे नव्हतेच. औषध जात होतं आणि कोणी मरत नव्हतं.

स्कॅनमध्ये गाठ पूर्वीएवढी झालेली दिसली. यकृतात नवे ठिपके होते.

केतकीनं यकृतातला सुईभर नमुना काढून घेतला आणि नौशीनबरोबर तपासायला बसली. त्या पेशींच्या अंगावर मरणाच्या खुणा होत्या. आतल्या कातऱ्या एकदा उघडून गेल्या होत्या, डीएनए जागोजागी कापला गेला होता, आणि मग घाईघाईनं, वेडावाकडा सांधला होता. कातऱ्या चालू असताना औषध हटलं, तेव्हा या पेशींनी अर्ध्या वाटेवरून माघार घेतली होती. नुसती माघार नाही. मरता मरता वाचलेली पेशी जागा सोडून पळायला शिकली होती, आणि मौन ज्या जागी जाऊन चिकटतं तीच जागा तिनं सांधताना बदलून टाकली होती. आता औषधाला धरायला काही उरलंच नव्हतं.

"मॅडम," नौशीन हळूच म्हणाली, "हे तेच आहे."

"हो."

"मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता."

"तू धरला होतास," केतकी म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

तिला तिथे बसवेना. हात धुवायला म्हणून ती बेसिनपाशी गेली आणि नळ वाहता ठेवून नुसतीच उभी राहिली. आत्याच्या आवाजातलं ते "सांगून टाक" तिला ऐकू येत होतं. आत्याला सगळं कळायला हवं होतं आणि तिनं फक्त दोन शब्द दिले होते.

बाहेर आल्यावर नौशीननं दुसरी गोष्ट पुढे ठेवली. दिवाळी जवळ येत होती. घरच्यांबरोबर फराळाची चव घेता यावी म्हणून कितीतरी रुग्णांनी सुट्टी मागितली होती.

ते थांबवणं सोपं होतं. काही तरी कारण काढून सगळ्यांना नाही म्हणता आलं असतं, आणि कुणाला कधीच काही कळलं नसतं. केतकीनं तो विचार केला. अगदी कारणसुद्धा शोधून ठेवलं, की पंपाची तपासणी चालू आहे. पण चाचणी वसंतात संपणार होती. ठरलेल्या दिवशी सगळ्यांचेच पंप बंद व्हायचे होते. म्हणजे सगळ्यांच्याच अंगात ते होणार होतं.

आणि खरं सांगायला जावं तर त्यात निराळीच मेख होती. रुग्णांच्या जिवाला नवा धोका असल्याचं दिसलं तर नीतिसमितीचा नियम एकच: औषध त्याच दिवशी थांबवायचं, सगळ्यांचं. आजवर तो नियम माणसं वाचवत आला होता. या वेळी थांबवणं हाच धोका होता. तिनं तोंड उघडलं आणि समितीनं नियम पाळला, तर जे आत्याला झालं ते एका दमात सगळ्यांना व्हायचं.

*

आत्या केतकीच्या घरी दिवाणावर बसून अंतिम सामन्याचं चित्रण पाहत होती. एकच तुकडा ती पुन्हा पुन्हा लावत होती.

"हे पाह्य. इथे प्रणोतीनं खो उशिरा दिला. अर्धा श्वास उशीर. तिथेच गेला सामना."

"आत्या, ते बंद कर जरा."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि चित्रण थांबवलं. केतकी जमिनीवरच बसली. गाठ वाढली आहे आणि यकृतात पसरली आहे, हे आधी सांगितलं. ते सुट्टीमुळे झालं, हे नंतर सांगितलं. मग केतकीनं बशीबद्दल सांगितलं.

"हे तुला मी इंदूरला जायच्या अगोदर दिसलं होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणाली, फारसा नाही."

"हो, आत्या."

खाली कुठे तरी रिक्षा मागे घेतल्याचा भोंगा वाजत होता.

"मैदानावर पोट्टी पडली, गुडघा फुटला, तं मी तिला सांगते किती लागलं ते. जास्त नाही, कमी नाही. मग ती ठरवते, खेळायचं का बसायचं. एकीचं तं हाड मोडलं होतं, तरी खेळली. पण ते तिनं ठरवलं होतं, केतके." आत्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून केतकीला तो सहन होत नव्हता. "मी काही बच्ची होती काय?"

"मला वाटलं, तुला आनंद होईल."

"झाला ना. खूप झाला." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "मला आर्वीला नेऊन सोड. आजच."

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. आर्वीला पोचल्यावर स्वतःची पिशवी स्वतः उचलली, केतकीला पुढे होऊ दिलं नाही, आणि आतून कडी लावली. केतकी ओट्यावर बराच वेळ बसून राहिली. शेजारची बाई चहा घेते का म्हणून विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याचा फोन आला. "तुझ्या त्या बाकीच्या लोकांचं काय होणार आहे?"

केतकीनं समितीची अडचण सांगितली.

"म्हणजे तुला कोणी तरी पाहिजे, थांबवल्यावर काय होते ते दाखवायला."

"तुझे नमुने आहेत. आणखीही लागतील, सगळ्या जागांचे. त्रास होईल. तुला आधीच इतका..."

"किती त्रास होईल ते सांग. जास्त नाही, कमी नाही."

केतकीनं सांगितलं. पोटात किती वेळा सुई जाईल, किती दुखेल, त्यानंतर ताप येऊ शकतो, आणि यातून आत्याला स्वतःला काडीचाही फायदा नाही. आत्या पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "ये घ्यायला."

*

समितीच्या अध्यक्षा डॉ. पळसोदकर फार बोलत नसत. केतकीनं सगळं मांडलं. आधी शास्त्र: तपासलेले नमुने, आत्याचे, आणि सुट्टी घेतलेल्या इतरांचेही. अकोल्याच्या त्या बाईच्या फुफ्फुसात ठिपके निघाले होते. लग्न झालेल्या लेकीच्या हातून तिनं कागदावर सही पाठवली होती, की माझी माहिती वापरा. ते नाव वाचताना केतकीला पाणी प्यावं लागलं. मग तिनं स्वतःचं सांगितलं.

"हे दिसल्यावर तुम्ही कळवलं नाही," डॉ. पळसोदकर म्हणाल्या.

"नाही."

"का?"

केतकीनं सबबी सांगितल्या नाहीत. "मला ते खरं नको होतं," ती म्हणाली.

एक सदस्य नियमावर बोट ठेवून होते. ते बरोबरच होते. जिनं एकदा लपवलं तिच्या सांगण्यावर औषध चालू ठेवायचं? उद्या याहून वाईट निघालं तर? विश्वास मागायचा हक्क केतकीनं घालवला होता, आणि नेमका आता तो लागत होता.

तेव्हा मागच्या रांगेतून चाकाच्या खुर्चीवरची कुंदाआत्या म्हणाली, "मी बोलू काय?"

तिला बोलू दिलं.

"हिचं ऐकू नका तुम्ही," आत्या म्हणाली. "ही माझी भाची आहे, आणि ही चुकली आहे. तिला काय शिक्षा द्यायची ते द्या. पण मी थांबून पाहिलं आहे. माझ्या पोटात आहे ते तुमच्यासमोर काढून ठेवलं आहे. आता या बाकीच्यांना सगळं सांगा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या. नियम म्हणून एकदम थांबवू नका. आमच्या खेळात पाठलाग करणारीला मध्येच दिशा बदलता येत नाही, बदलली तं फाउल. एकदा निघालं की खांबापर्यंत जावंच लागते."

निर्णय व्हायला दुपार झाली. नवे रुग्ण घ्यायचे नाहीत, जुन्यांना सर्व कळवून, ज्यांची संमती असेल त्यांचं औषध शेवटची पेशी मरेपर्यंत, एकही दिवस न थांबवता चालू ठेवायचं, वसंतात पंप बंद करायचा बेत रद्द, आणि डॉ. केतकी देवतळे यांना कामातून मुक्त करायचं. औषध बंद करायचं एकाही रुग्णानं ठरवलं नाही. त्या दिवाळीला कुणाच्याच तोंडाला फराळाची चव आली नाही. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात कर्कपेशींचा मागमूस उरला नव्हता, आणि औषध आत शिरल्यापासून शेवटपर्यंत कसं द्यायचं याची रीत पक्की झाली. ती रीत शिकवायला नौशीन आता गावोगाव फिरते. अकोल्याची बाई मात्र संक्रांतीच्या सुमाराला गेली.

*

कुंदाआत्या त्याआधीच गेली. शेवटचे दिवस तिनं आर्वीलाच काढले, आणि केतकी, जिला आता जायला प्रयोगशाळा उरली नव्हती, तिच्यापाशी राहिली. आत्यानं तिला ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. केतकी तिचं अंग पुसायची, पेज भरवायची. संघातल्या पोरी शाळेतून परस्पर यायच्या, आणि आत्या उशाला टेकून त्यांना इंदूरच्या सामन्यातल्या चुका समजावायची. त्या असताना तिचा चेहरा निराळाच असे.

एकदा त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "यांना कळू देऊ नको. त्यांच्या सामन्यापायी मी मरून राहिली, असं त्यांच्या डोक्यात बसलं तं त्या पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाहीत."

"नाही सांगणार."

"कबूल कर."

"कबूल."

केतकी तिचे पाय चेपत होती. बऱ्याच दिवसांपासून मनात ठेवलेला प्रश्न तिनं त्या दिवशी विचारला. "आत्या, मी सगळं खरं सांगितलं असतं, तर तू तरीही गेली असतीस का इंदूरला?"

आत्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, ती केतकीनं ओळखली. पण माफी होती की नाही हे तिला सांगता आलं नसतं.

"ते तेव्हा विचारायचं होतं," आत्या म्हणाली, आणि कूस बदलली.



*

समितीचा अहवाल उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांची नावं नव्हती. पण वर्तमानपत्रांनी केतकीचं नाव छापलं, आणि 'एका क्रीडास्पर्धेसाठी सुट्टी घेतलेली रुग्ण' एवढंही छापलं.

केतकी आर्वीच्या घराची आवराआवर करत होती. दारात सायकल लावल्याचा आवाज झाला आणि प्रणोती मेश्राम आत आली. उंच, काटक, घामानं कपाळावर केस चिकटलेली. तिच्या हातात काही नव्हतं.

"बस गं. पाणी देते."

"नको." ती उभीच राहिली. "ताई, पेपरात आहे ती आमची मॅडमच ना?"

केतकीच्या हातात आत्याची घडी केलेली चादर होती. ती तिनं खाली ठेवली. नाही म्हणणं किती सोपं होतं. तिनं तसं वचनही दिलं होतं, मरणाऱ्या माणसाला. समोर उभी असलेली मुलगी कोवळी होती, पुढच्या महिन्यात तिची विदर्भ संघासाठी निवडचाचणी होती, आणि एक 'नाही' ऐकून ती हलक्या पावलांनी परत गेली असती. केतकीला ते सगळं दिसत होतं. आपण हे सगळं पूर्वी एकदा असंच पाहिलं होतं, समोरच्या माणसाचा उजळणारा चेहरा पाहिला होता, हेही तिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली.

प्रणोती म्हणाली, "आमच्यासाठी आल्या म्हणून..."

"नाही. ऐक नीट. त्यांनी मला विचारलं होतं की धोका किती आहे. मला धोका दिसला होता. मी सांगितला नाही. फारसा नाही म्हटलं. त्या तुमच्यासाठी आल्या, ते खरं आहे. पण काय पणाला लावून येत आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे."

"त्यांना माहीतच नव्हतं?"

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

प्रणोती रडली नाही. खेळाडू समोरच्याला जोखतो तसं तिनं केतकीला वरपासून खालपर्यंत जोखलं, आणि केतकी त्या नजरेखाली जागची हलली नाही.

"आणखी विचारायचं असेल तर विचार," केतकी म्हणाली. "आज नाही तर कधीही ये. जेवढं मला माहीत आहे तेवढं सगळं सांगेन."

मुलगी वळली. उंबऱ्याशी थांबून, पाठमोरीच म्हणाली, "त्या सगळा वेळ उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, बऱ्या झाल्या."

मग ती पायरी उतरली, सायकलवर बसली आणि शाळेच्या रस्त्याला लागली. केतकी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. त्या दिवशी तिनं घर आवरलं नाही.